पाच मिनिटांच्या नोंदीतून बॅरोरिफ्लेक्स मोजताना

रक्तदाब वाढला की मानेतल्या कॅरोटिड सायनसमधले आणि महाधमनीच्या कमानीतले दाबग्राही मेंदूला खबर देतात, व्हेगस मज्जातंतू हृदयाला लगाम घालतो आणि ठोक्यांमधले अंतर वाढते. हाच बॅरोरिफ्लेक्स. दाब १ एमएमएचजीने चढला तर आर-आर अंतर (ईसीजीतल्या लागोपाठच्या दोन आर शिखरांमधला वेळ) किती मिलिसेकंदांनी वाढले, म्हणजेच या दोन्हींच्या रेषेचा उतार, मला काढायचा असतो. गणित किरकोळ आहे. कस लागतो तो नोंद घेताना.

ईसीजी मी १००० हर्ट्‌झला घेतो. २५० हर्ट्‌झला दोन नमुन्यांत ४ मिलिसेकंदांचे अंतर पडते, आणि शोधायचे बदल कधीकधी ५-६ मिलिसेकंदांचेच असतात. दाबासाठी प्रत्येक ठोक्याची लहर देणारा बोटाचा कफ लागतो. दंडाच्या कफचे इथे काम नाही. बोटे गार असतील तर लहर चपटी येते, म्हणून आधी हात गरम करून घ्यावा. हात हृदयाच्या पातळीला ठेवतो. तो १० सेंमी खाली असेल तर दाब ७-८ एमएमएचजीने जास्त दिसतो. फरक कायम राहिला तर उतार बिघडत नाही, मात्र हात मध्येच सरकला की खोटी चढण तयार होते. यंत्राचे स्वयं-कॅलिब्रेशन (मधूनमधून आपोआप होणारी जुळणी) त्या पाच मिनिटांपुरते बंद करतो, नाहीतर दाबाच्या नोंदीत भोके पडतात.

श्वासाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मिनिटाला ९ पेक्षा कमी श्वास झाले की त्याची लय ०.१५ हर्ट्‌झच्या खाली घसरते, दाबाच्या संथ लहरींच्या ०.०४ ते ०.१५ च्या पट्ट्यात मिसळते आणि वर्णपटावरून (लहरी वारंवारतेनुसार वेगळ्या करून) काढलेला आकडा फुगतो. १५ च्या आसपास श्वास असला की दोन्ही पट्टे वेगळे राहतात.

मग साखळ्या शोधायच्या: सलग किमान तीन ठोके, प्रत्येक वेळी सिस्टॉलिक (वरचा) दाब किमान १ ने आणि आर-आर किमान ५ मिलिसेकंदांनी त्याच दिशेला. उदाहरणार्थ दाब ११८, १२०, १२३ आणि आर-आर ८४२, ८६१, ८९३. यांची रेषा बसवली की उतार साधारण १० मिलिसेकंद प्रति एमएमएचजी येतो. सहसंबंध ०.८५ च्या खाली असेल तर ती साखळी मी टाकून देतो. चढत्या आणि उतरत्या साखळ्यांची सरासरी वेगवेगळी ठेवतो.

खरी गोची जोड्या लावताना होते. दाबाचे शिखर आर लहरीनंतर येते आणि बोटापर्यंत पोचायला आणखी वेळ घेते. एक ठोका इकडेतिकडे झाला की साखळ्या एकदम रोडावतात. नाडी संथ असेल तर त्याच ठोक्याचे अंतर जुळते, जलद असेल तर पुढच्या एक-दोन ठोक्यांचे. अवेळी ठोका आणि त्यामागचा लांब विराम तर हुबेहूब रिफ्लेक्ससारखा दिसतो, म्हणून तो शेजारच्या ठोक्यांसह काढतो. एट्रियल फिब्रिलेशन (ठोक्यांची पूर्ण अनियमित लय) किंवा पेसमेकर असेल तर ही पद्धत लावतच नाही.

अहवालात उताराशेजारी साखळ्यांची संख्याही लिहितो. एकही साखळी न मिळाल्यास रकाना रिकामा सोडतो, तिथे शून्य भरत नाही.