मॅलेगची गाडी: ग्लासगोहून समुद्रापर्यंत, साध्या डब्यातून

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवर मॅलेग या किनाऱ्यावरच्या गावाची गाडी लागते तेव्हा पहिल्यांदा आलेल्या माणसाचा चेहरा जरा पडतोच. डिझेलचे दोन-चार डबे, फार तर सहा. पॅन्ट्री नाही, आणि दोन डब्यांत मिळून संडास एकच. २६४ किलोमीटरला ती सव्वापाच तासांच्या आसपास घेते, म्हणजे सरासरी ताशी पन्नास. तरीही स्कॉटलंडमध्ये एकच रेल्वेप्रवास करायचा असेल तर मी हाच सांगतो, आणि तोही याच साध्या गाडीने.

आपल्याकडून येणारे बहुतेक जण वाफेच्या गाडीच्या मागे असतात. जेकोबाइट नावाची ही गाडी उन्हाळी हंगामात फोर्ट विल्यम ते मॅलेग एवढीच धावते, म्हणजे शेवटचे ६६ किलोमीटर. तिची तिकिटं महिनोन् महिने आधी संपतात, भाडं साध्या गाडीच्या कितीतरी पट, आणि ती न मिळाल्याने सहल वाया गेल्यासारखं तोंड करणारे लोक दर उन्हाळ्यात दिसतात. रूळ तेच, ग्लेनफिननचा पूलही तोच. उलट या मार्गाचा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात देखणा भाग फोर्ट विल्यमच्या आधी येतो, आणि तिकडे जेकोबाइट फिरकतच नाही.

आधी तिकिटाचं. दिवसाला तीन-चारच गाड्या आहेत, रविवारी त्याहून कमी. एक चुकली तर पुढचीला चार-पाच तास. तिकीट काढलं म्हणजे जागा मिळाली असं नसतं. आसनाचं आरक्षण वेगळं मागावं लागतं. त्याला पैसे पडत नाहीत, पण जून ते सप्टेंबर ते केलं नाही तर सव्वापाच तास दाराशी बॅगेवर बसायची तयारी ठेवा. दोघं मिळून जाणार असाल तर टू टुगेदर रेलकार्ड या सवलतीच्या कार्डावर एक तृतीयांश सूट मिळते. मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही, आणि सकाळची गाडी नेमकी त्याआधी सुटते. सूट हवी असेल तर शनिवार-रविवार धरा, नाहीतर दुपारची गाडी घ्या. मोबाइलवरचं तिकीट ग्लासगोतच उतरवून ठेवा; वाटेतल्या माळावर तासभर तरी नेटवर्कचा पत्ता नसतो.

खाणं सोबत घ्या. डब्यात चहाची ट्रॉली कधी येते, कधी येत नाही, तिच्या भरवशावर राहू नये. पाण्याच्या बाटल्या मात्र विकत घेऊ नका. ग्लासगोच्या नळाला १८५९ पासून लॉख कॅट्रिन या डोंगरी तळ्याचं पाणी येतं. ते इतकं मऊ असतं की किटलीत क्षार धरत नाही आणि साध्या पिशवीचा चहासुद्धा लंडनपेक्षा चांगला होतो.

डब्यात चढताना दारावरची पाटी वाचा. ही गाडी बऱ्याचदा जोडगाडी असते: क्रीअनलारिखला ती तुटते, अर्धे डबे ओबानला जातात आणि अर्धे मॅलेगला. चुकीच्या अर्ध्यात बसलेली मंडळी प्रत्येक उन्हाळ्यात तिथे सामान घेऊन फलाटावरून पळताना दिसतात. फलाटावरची घोषणा एकदाच होते आणि तीही अस्सल ग्लासगो उच्चारात. कळली नाही तर गार्डला विचारा. इथले गार्ड बोलके असतात.

खिडकी डावीकडची घ्या. शहर मागे पडलं की क्लाइड नदीचं रुंद मुख डाव्या हाताला येतं. हा सगळा डंबार्टनशायरचा मुलूख. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन इथलेच. पुढे गेअर लॉख या खाडीच्या काठी ब्रिटनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा तळ दिसतो, काटेरी कुंपणांसकट. मग लॉख लाँगच्या वर, डोंगराच्या कुशीतून गाडी सरकत राहते. आरोकर अँड टार्बेट स्टेशनानंतर पारडं फिरतं आणि लॉख लोमंड उजवीकडे येतं. उन्हाळ्यात त्याच्यासाठी फार जीव टाकू नका, कारण मेनंतर रुळांकडेची झाडं पानांनी भरतात आणि पाणी तुकड्या-तुकड्यांनीच दिसतं. एप्रिलच्या सुरुवातीला किंवा नोव्हेंबरात ते मोकळं मिळतं.

टाइंड्रमच्या पुढे या रेल्वेचा स्वभाव कळतो. समोर रुंद दरी आहे, पलीकडे बेन डोरेन हा डोंगर. दरीवरून सरळ पूल टाकला असता तर काम झालं असतं, पण बांधणाऱ्या कंपनीकडे तेवढा पैसा नव्हता. म्हणून रूळ एका डोंगराच्या अंगाने दरीत आत शिरतात, तळाशी दोन लहान पुलांवरून वळतात आणि दुसऱ्या डोंगराच्या अंगाने परत बाहेर येतात. नकाशावर घोड्याचा नाल. अर्ध्या वाटेत खिडकीतून पाहिलं तर आपण मघाशी आलो ते रूळ दरीपलीकडे समोर दिसतात. या मार्गावरची बहुतेक वळणं अशी काटकसरीतून आलेली आहेत. गाडी हळू चालते ती त्यांच्यामुळे, आणि दृश्यं दिसतात तीही त्यांच्यामुळेच.

मग रॅनख मूर. मूर म्हणजे माळरान म्हटलं तर डोळ्यांपुढे कोरडं रान येईल. हे तसं नाही. ही पाण्याने फुगलेली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, दलदल आहे, मधे मधे काळी डबकी आणि हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेले ग्रॅनाइटचे धोंडे. १८८९ च्या जानेवारीत मार्गाची पाहणी करायला सात जण पायी निघाले, त्यात इंजिनिअर होते, कंत्राटदार होते, वकीलही होते. वाटेत अंधार आणि पावसाने गाठलं, सगळे विखुरले, आणि जिवंत परतले हेच नशीब. तरी रेल्वे इथूनच न्यायचं ठरलं.

दलदलीत भराव टाकला की तो गिळला जायचा. खाली कठीण तळ शोधत जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून तळ शोधायचाच नाही असं ठरलं. झाडांची मुळं आणि फांद्यांच्या मोळ्या आडव्या-उभ्या अंथरून त्यांचा तराफा केला, त्यावर हजारो टन माती आणि राख ओतली, आणि त्यावर रूळ. आजही इथले रूळ अशा तरंगत्या पायावर आहेत. पीटमधल्या आम्लधर्मी पाण्यात प्राणवायू फारसा नसतो, त्यामुळे बुडालेलं लाकूड कुजत नाही. तराफा टिकलाय तो त्यामुळे. गाडी इथून जाताना किंचित डोलते, लक्ष ठेवलं तर जाणवतं. मधेच पैसे संपले तेव्हा रेंटन नावाच्या एका संचालकाने स्वतःची पुंजी घातली आणि काम तडीला गेलं. मजुरांनी त्याचा चेहरा एका धोंड्यावर कोरला. तो धोंडा रॅनख स्टेशनच्या फलाटावर आहे. गाडी थांबली की दारातून दिसतो का बघा, पण खाली उतरून फोटो काढत बसू नका. पुढची गाडी कधी आहे ते वर सांगितलंच आहे.

रॅनखनंतर रूळ एका खडकाच्या खाचेतून जातात आणि वर पत्र्याचं छप्पर येतं. हा बोगदा नव्हे, हिमवाऱ्याने खाच बुजू नये म्हणून बांधलेली शेड. पुढे कोराउर, समुद्रसपाटीपासून ४०८ मीटर, ब्रिटनच्या मुख्य रेल्वेजाळ्यातलं सगळ्यात उंच स्टेशन. इथे सार्वजनिक रस्ता येतच नाही. उतरायचं असेल तर दीड-एक किलोमीटरवर लॉख ऑसियनच्या काठी होस्टेल आहे, पण ते आधी राखून ठेवूनच उतरा.

ग्लासगोजवळच्या हेलन्सबर्गपासून पुढे सगळा मार्ग एकेरी आहे. आपल्याकडे एकेरी मार्गावर ड्रायव्हरला टोकनचा गोळा देत, वेताच्या कडीत अडकवलेला. इथे तेच काम १९८० च्या दशकापासून रेडिओवर चालतं. फोर्ट विल्यमजवळ बॅनॅव्हीच्या केंद्रातला सिग्नलमन पुढच्या टप्प्याचं टोकन ड्रायव्हरच्या केबिनमधल्या यंत्रावर पाठवतो, आणि एका टप्प्याचं टोकन एका वेळी एकाच गाडीला मिळतं. म्हणून एखाद्या निर्जन स्टेशनात गाडी उगाच उभी राहिल्यासारखी वाटली तर समजावं, समोरून दुसरी येतेय. एक उशिरा आली की दुसरीही लटकते, आणि मॅलेगहून पुढची बोट धरायची असेल तर हा हिशेब आधी करून ठेवावा.

फोर्ट विल्यमला गाडी पाच-दहा मिनिटं थांबते, आणि इथे बहुतेकांची फसगत होते. हे टोकाचं स्टेशन आहे; गाडी आली त्याच दिशेने उलटी निघते. ग्लासगोपासून डावीकडे बसलेला माणूस आता प्रवासाच्या दिशेने उजवीकडे, आणि ग्लेनफिननचं सगळं वैभव डावीकडे. बरेच लोक इथे उतरतात, त्यामुळे लगेच उठून पलीकडची खिडकी धरता येते. दारं बंद होईपर्यंत वाट पाहिलीत तर ती गेली.

बॅनॅव्हीला कॅलेडोनियन कालव्यावरची बोटींना वर-खाली नेणारी आठ लॉकांची पाण्याची पायरी लागते, इंजिनिअर टेलफर्डने बांधलेली. पुढे अर्ध्या तासात ग्लेनफिननचा पूल: २१ कमानी, ३८० मीटर लांब, ३० मीटर उंच, आणि सगळा काँक्रीटचा, आत लोखंडाची एक सळई नाही. इथला खडक घडवायला फार कठीण, कारागीर आणणं महाग, म्हणून कंत्राटदार रॉबर्ट मॅकअल्पाइनने सरळ साच्यात काँक्रीट ओतलं. फोर्ट विल्यमपर्यंतचा मार्ग १८९४ मध्ये सुरू झाला होता, मॅलेगचा हा तुकडा १९०१ मध्ये. खांब भरताना घोडागाडी आत पडली अशी दंतकथा याच पुलाची सांगत. तपासणीत इथे काही सापडलं नाही. घोडा निघाला तो पुढच्या लॉख नान उआव्हच्या पुलाच्या खांबात, २००१ मध्ये.

पूल बाहेरून बघायचा असेल तर ग्लेनफिनन स्टेशनला उतरा. साधारण अर्ध्या तासाची पायवाट पुलाच्या वरच्या अंगाला नेते. हंगामात सकाळची वाफेची गाडी पावणेअकराच्या सुमारास पुलावर येते, तेव्हा निदान अर्धा तास आधी पोचावं. मोटारीने जाऊच नका. वाहनतळ सकाळीच भरतो आणि अरुंद रस्त्यावर कोंडी होते. पुढे लॉखेलॉर्ट, बीझडेल ही थांबा मागून घ्यायची स्टेशनं आहेत. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगा, चढायचं असेल तर फलाटावर ड्रायव्हरला दिसेल असा हात करा.

ॲरिसेगनंतर समुद्र खुला होतो. एग, रम ही बेटं आणि मागे स्काय बेटाचे डोंगर, हवा स्वच्छ असेल तर. हवेचं काही सांगता येत नाही. कोकणातला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. इथला बाराही महिने थोडा थोडा पडतो. दिवस किती मोठा आहे तेही बघा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळची गाडीसुद्धा चालते. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो आणि दुपारच्या गाडीचा उत्तरार्ध खिडकीत स्वतःचं तोंड बघण्यात जातो.

मे अखेर ते सप्टेंबर मिज नावाची चिलटं असतात, तिळाहून लहान, थव्याने येणारी. ढगाळ, दमट, निवांत हवा आणि पहाट किंवा संध्याकाळ असेल तर ती तुटून पडतात. जरा वारा सुटला की नाहीशी होतात. त्यामुळे बोटीच्या धक्क्यावर त्रास कमी, झाडीतल्या पायवाटेवर जास्त. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी फोर्ट विल्यममध्ये मिळते. नेहमीच्या मच्छरदाणीची जाळी घेऊ नका, तिच्या भोकांतून ती आरामात आत येतात.

मॅलेगला रूळ संपतात आणि तिथून काही पावलांवर बोटीचा धक्का. मासे खाणाऱ्यांनी इथला किपर, म्हणजे उभा चिरून धुरावलेला हेरिंग, चुकवू नये. काटे बारीक असतात आणि खारटपणा सुक्या बांगड्याएवढा नसतो. स्कायवरच्या आर्माडेलला बोट अर्ध्या-पाऊण तासात जाते. वाऱ्यामुळे ती रद्द होऊ शकते, हिवाळ्यात तर बऱ्याचदा. म्हणून ग्लासगोतून निघायच्या सकाळी बोटीची स्थिती बघा. रद्द असेल तर मुक्काम फोर्ट विल्यमलाच करा, तिथे खोल्या जास्त आहेत. स्कॉटिश बँकांच्या नोटा उरल्या असतील तर त्या इथेच खर्चून टाका; इंग्लंडमधले दुकानदार त्या उलटसुलट करून बघतात आणि कधी कधी परत देतात.