भर दुपारी प्लँक्टन गेले कुठे?

चार दिवस नुसते ढग. जहाजावर आमचं काम म्हणजे समुद्रातून वर येणारा प्रकाश मोजायचा, त्याच वेळी पाण्याचे सॅम्पल घ्यायचे आणि सॅटेलाइटला वरून जे दिसलं त्याच्याशी ते ताडून बघायचं, पण ढग आले की सॅटेलाइटला खालचं पाणी दिसतच नाही. पाचव्या दिवशी आभाळ लख्ख मोकळं! नासाचा २०२४ मध्ये सोडलेला पेस सॅटेलाइट दुपारी एकच्या सुमारास वरून जाणार, त्यामुळे सकाळपासून नुसती धावपळ. प्रकाश मोजणारा रेडिओमीटर जहाजाच्या पुढच्या टोकाला, ४० अंशात कललेला, सूर्यापासून १३५ अंश बाजूला, नाहीतर पाण्यावरची चकाकी आणि जहाजाची सावली दोन्ही मोजमापात घुसतात.

साडेबाराला फ्लुओरोमीटरचा ग्राफ बघितला आणि पोटात गोळाच आला. हे यंत्र पाण्यावर निळा उजेड टाकतं आणि क्लोरोफिलकडून परत येणारा लाल उजेड मोजतं. पहाटे वर असलेली रेघ घसरत घसरत निम्म्याच्याही खाली आलेली. सेन्सरची काच पुसली, नळीतले बुडबुडे काढले, काही फरक नाही. इतके दिवस वाट बघून नेमके आजच फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे क्लोरोफिलवाले सूक्ष्म जीव, गायब?

मग फिल्टर बघितले. एकेक लिटर पाणी गाळलेले, सकाळचा आणि दुपारचा शेजारी शेजारी ठेवले, रुपयाएवढ्या पांढऱ्या चकत्या आणि दोन्हींवर अगदी सारखाच शेवाळी हिरवा थर! म्हणजे प्लँक्टन होते तिथेच होते. थोडं पाणी काळ्या पिशवीत गुंडाळून अर्धा तास अंधारात ठेवलं आणि परत मोजलं, तर आकडा जवळजवळ सकाळएवढा.

कडक उन्हात या पेशींना झेपणार नाही इतका उजेड मिळतो, मग जास्तीची ऊर्जा त्या उष्णता म्हणून टाकून देतात आणि लाल चमक मंदावते, क्लोरोफिल मात्र तेवढंच राहतं. हे मी शिकले होते, पण एका बाटलीत अर्ध्या तासात घडताना बघणं फार वेगळं होतं, खरंच अंगावर काटा आला.

संध्याकाळी सॅटेलाइटचा डेटा आला. तो क्लोरोफिलचा अंदाज मुख्यतः निळा प्रकाश किती शोषला गेला आणि हिरवा किती परत आला यावरून काढतो, त्यामुळे त्यात घसरण नव्हती, आमच्या रेडिओमीटरशीही छान जुळला. फ्लुओरोमीटरच्या दुपारच्या आकड्यांवर खूण केली. बाहेर सूर्य मावळत होता आणि ग्राफची रेघ हळूहळू वर चढत होती, जेवायची हाक आली तरी मी तिथून हलले नाही.