‘वाटणीचा फणस’: निव्वळ संवादांची कादंबरी, तिसरा वाचनखर्डा

बारापैकी सात प्रकरणं वाचनाच्या प्रतीत उतरली आहेत. आठवं अडलंय, त्याबद्दल शेवटी. नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: रत्नागिरीकडच्या घरामागे एक फणस, त्याच्यावर हक्क सांगणारी चार भावंडं आणि नागपूरची एक काकू. सगळी कादंबरी म्हणजे या मंडळींचे फोनवरचे ग्रुप कॉल. निवेदन नाही, कंसातल्या सूचना नाहीत, ‘म्हणाला’ नाही. पात्रं आठ, ती श्रोत्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवणारे वाचक पाच.

फोन मुद्दाम निवडलाय. समोरासमोरचा प्रसंग घेतला की श्रोत्यांना चित्र दिसावं म्हणून ‘तुमच्या हातात ही कोयती कशाला?’ असली वाक्यं घुसतात आणि ती लगेच खोटी वाजतात. डोळ्यांसमोरची गोष्ट माणूस सांगत बसत नाही, तिच्यावरून भांडतो मात्र. त्यामुळे जिथे चित्र हवंच आहे तिथे ‘आधी ती कोयती खाली ठेव, मग बोलू’ असं लिहायचं. कॉलवर मुळात कोणालाच काही दिसत नसल्याने ही अडचण बरीच हलकी होते.

खरं काम पडतं ते ‘बोलतंय कोण’ याच्यावर. वाचकाच्या कागदावर डाव्या रकान्यात नाव असतं, श्रोत्याला तो रकाना नसतो. दोनच माणसं असतील तर आळीपाळीनेच निभावतं. रॉडी डॉयलच्या ‘टू पाइंट्स’मध्ये (2012) डब्लिनच्या पबमधली दोन माणसं नावं न घेता पुस्तकभर बोलतात आणि गोंधळ होत नाही. तिसरा आवाज आला की आळीपाळी मोडते. यावर आपल्याकडचा उत्तम धडा आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’चा. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. ‘भावजी’ अशी हाक आली की बोलणारी कोण आणि ऐकणारा कोण, दोन्ही एका शब्दात कळतं. आपल्या खर्ड्यात हेच काम ‘वन्सं’ करतं. हा शब्द फक्त मंदा वापरते आणि फक्त आक्काला. प्रत्येक पात्राकडे असं एक तरी संबोधन राखून ठेवा, दुसऱ्या कोणाच्या तोंडी ते चुकूनही जाऊ देऊ नका.

दुसरा आधार क्रियापदाचा, पण तो जपून घ्यावा लागतो. ‘मी चावी आणली’ या वाक्यातून बोलणारा पुरुष की बाई ते कळत नाही. ‘मी चावी घेऊन आलो’ किंवा ‘आले’ म्हटलं की कळतं. ‘मी बघेन’ आंधळं, ‘मी बघतो’ डोळस. म्हणून पात्र बऱ्याच वेळाने बोलत असेल तर त्याचं पहिलं वाक्य नेहमी लिंग दाखवणारं ठेवायचं. सुलभाकाकूंचं ‘मी गेली होती’ त्यांना नागपूरसकट उभं करतं. तेवढं पुरे. प्रत्येक वाक्यात वऱ्हाडी ओतली तर काकू माणूस न राहता नक्कल होते.

तपासणी अशी: नावांचा रकाना दुमडायचा, एकाच माणसाने सपाट आवाजात प्रकरण वाचायचं आणि बाकीच्यांनी बोलणाऱ्याचं नाव लिहीत जायचं. जिथे दोघांची उत्तरं जुळत नाहीत ते वाक्य दुरुस्तीला. वाचकाने आवाज बदलून अशी जागा सावरून घेतली तर दोष झाकला जातो, पुढच्या गटात पुन्हा वर येतो. नावांचंही तसंच. सुमन, सुनंदा, सुधा एका कॉलवर आणू नयेत. पहिलं अक्षर आणि लांबी दोन्ही वेगळी हवी.

हशा हा संवादाचा भाग धरूनच लिहावा लागतो. पाचव्या प्रकरणातली ही जागा पाहा:

– वकिलाची फी दिली आप्पांनी.
– किती?
– एक.
– एक हजार?
– एक फणस.
– अरे देवा.
– कापा की बरका?

हसू ‘फणस’वर फुटतं आणि पुढचं वाक्य त्यात बुडतं. म्हणून तिथे ‘अरे देवा’ ठेवलंय, ते गेलं तरी काही बिघडत नाही. ‘कापा की बरका?’ थेट फणसाला चिकटवलं असतं तर दुसरा हशा वाया गेला असता. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘आप्पांनी फीच्या बदल्यात एक फणस दिला’ असं लिहिलं की हसवणारा शब्द ‘दिला’च्या मागे दबतो. तो सुटा करून शेवटी आणायचा.

कागदाबद्दल. ए-फोर, 16 पॉइंट, दीडपट अंतर, एकाच बाजूला छपाई, स्टेपल नाही (पान उलटण्याचा आवाज हशाच्या आधीच्या शांततेत फार मोठा होतो). वाक्य दोन पानांत तुटता कामा नये. प्रश्न खाली आणि मजेचं उत्तर पुढच्या पानावर, असंही नको. प्रत्येक पानाच्या तळाशी पुढच्या पानाचे पहिले दोन शब्द छापा. प्रकरण साधारण 1,400 शब्दांचं. मिनिटाला 110 शब्दांच्या वेगाने तेरा मिनिटं, हशा धरून पंधरा. एका दमात बोलायचा मजकूर 25 शब्दांच्या पुढे गेला की बाकीचे वाचक ओळ हरवतात.

पाच वाचकांत आठ पात्रं वाटताना प्रकरणवार तक्ता करा. एकाच वाचकाची दोन पात्रं एकमेकांशी बोलणार नाहीत आणि त्यांच्या बोलण्यांत किमान चार वाक्यांचं अंतर राहील, एवढं पाहायचं. दोन पात्रांना हायलायटरचे दोन रंग. आक्का आणि मंदा एका वाचकाकडे कधीच नको, त्यांचं भांडण प्रत्येक प्रकरणात आहे.

आता आठवं. त्यात आठही जण एका कॉलवर आहेत आणि वरचा तक्ता तिथे बसतच नाही. शिवाय कानाला एका वेळी तीन, फार तर चार आवाज धरता येतात. दहाबारा वाक्यं गप्प राहिलेलं पात्र श्रोत्याच्या लेखी निघून गेलेलं असतं, मग ते अचानक बोललं की विनोदाऐवजी ‘हा कोण?’ असा प्रश्न उरतो. उपाय ठरलाय: गावाकडची रेंज जाते आणि आप्पा, बाबल्या नि खोत वकील कॉलमधून गळतात. डॅलसचा शिरीष झोपेत असल्याने फक्त ‘हं’ म्हणतो, पण दर आठ वाक्यांनी कोणीतरी ‘शिरीष, आहेस ना?’ विचारतं, म्हणजे तो हजर राहतो. रेंज परत आल्यावर तिघांनी एकेक करूनच परतायचं, प्रत्येकाच्या पहिल्या वाक्यात त्याचं संबोधन. हा भाग लिहून झाला की रकाना दुमडून वाचायला घेऊ. बाबल्याच्या वाक्यांसाठी अजून वाचक ठरलेला नाही, विलासचा वाचक मोकळा होतोय का ते तक्त्यात पाहायचंय.