आठवा दिवस आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख

सकाळी उठलो तर उजव्या कानाला दडा बसलेला. आत बारीक शिट्टी वाजत होती. फोन त्या कानाला लावला, तर पलीकडे कुणी नाहीच. दोन दिवस वाफ घेण्यात गेले. मग डॉक्टरांनी कानात न डोकावताच मळ ठरवून थेंब दिले, त्यात आणखी पाच गेले.

आठव्या दिवशी मोठ्या रुग्णालयात गेलो. खिडकीतली बाई काय बोलते ते कळेना, म्हणून काचेच्या भोकाला डावा कान लावला. ‘ऐकण्याच्या तपासणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची.’ मी म्हटलं, एका कानाने काहीच ऐकू येत नाही. ‘इथे सगळे त्यासाठीच येतात, काका. पुढचे या.’ दोन तास बाकावर बसलो, तीनदा उठून विचारलं, तीनदा तेच उत्तर. चौथ्यांदा बोललो तेव्हा तिथून जाणारी एक शिकाऊ डॉक्टर थांबली. ‘हळूहळू कमी झालं की एकदम?’ एकदम, म्हटलं. तिने लगेच आत नेलं.

हा ‘एकदम’ शब्द मी खिडकीवर उच्चारलाच नव्हता. तुम्ही पहिल्या वाक्यात उच्चारा. तीन दिवसांच्या आत ऐकू येणं 30 डेसिबल किंवा जास्त घसरलं, तर दुखणं आतल्या कानाचं किंवा ऐकण्याच्या नसेचं असू शकतं. त्यावर स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध, देतात; त्याचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक. मला मिळालेली तारीख त्यानंतरची होती. तिथे कुणाला हे ठाऊकच नसावं?

तिने ट्यूनिंग फोर्क, म्हणजे घुमणारा धातूचा चिमटा, कपाळावर टेकवला, आवाज डावीकडे गेला. मळ असता तर बंद कानातच मोठा वाटला असता. घरी तोंड मिटून गुणगुणलं तरी हा फरक कळतो. मला ते पहिल्या दिवशी माहीत हवं होतं.

त्याच दुपारी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाला: उजवा कान 70 डेसिबलवर. हा आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी येतं. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. झोप उडाली. साखर असलेल्यांनी ती रोज तपासावी, स्टेरॉइडने चढते. पुरता फरक पडला नाही, मग कानाच्या पडद्यातून चार इंजेक्शनं घेतली. क्षणभर गरगरतं, सोसण्यासारखं आहे. नसेवर गाठ नाही ना, हे एमआरआयने पाहिलं. नव्हती. कारण सापडलं नाही, बहुतेकांचं सापडत नाहीच म्हणे.

हो, थेंब देणाऱ्यांना आधी कानाचा पडदा पाहायला लावा.

सहा महिन्यांनी उजवा कान 40 वर आला. शिट्टी आहे, पण त्या कानाला फोन लावला की पलीकडचं माणूस ओळखू येतं.