शिलाँगमध्ये काही काळ राहायला जाणाऱ्यांसाठी

नोकरीतल्या बदलीमुळे आम्हा उभयतांना काही काळ शिलाँगमध्ये भाड्याच्या घरात राहावे लागले. मेघालयात फिरायला जाणाऱ्यांसाठी मराठीत माहितीची वानवा नाही. सोहरा, डौकी आणि नोंग्रियातचे जिवंत मुळांचे पूल यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. परंतु तिथे घर घेऊन, गॅस लावून, बाजारहाट करत ऋतू काढायचे असतील, तर लागणारी माहिती वेगळी असते आणि ती बहुतेकदा तिथे गेल्यावरच कळते. पर्यटकाला निसर्ग समजला तरी पुरते, पण राहणाऱ्याला तिथे कोणत्या गोष्टीचा निर्णय कोण घेतो हे आधी समजून घ्यावे लागते. आमच्या मते मेघालयात सुखाने राहण्याची गुरुकिल्ली हीच आहे.

पोहोचण्याविषयी थोडक्यात सांगतो. शिलाँगला रेल्वे नाही. मुंबईहून गाडीने गुवाहाटी किंवा कामाख्यापर्यंत सुमारे दोन दिवस लागतात, विमानानेही गुवाहाटीला उतरणेच सोयीचे पडते, आणि तिथून शंभरेक किलोमीटरचा घाटरस्ता सुमोने किंवा टॅक्सीने तीनेक तासांत पार होतो. सामान फार असेल तर ते आधी गुवाहाटीपर्यंत पाठवून तिथून छोट्या गाडीने वर न्यावे, कारण शिलाँगच्या अनेक गल्ल्यांत मोठा ट्रक वळतच नाही आणि कित्येक घरांपर्यंतचा शेवटचा टप्पा पायऱ्यांचाच असतो. भारतीय नागरिकांना मेघालयात प्रवेशासाठी इनर लाइन परमिट लागत नाही. मात्र तिथे राहून अरुणाचल, नागालँड, मिझोराम किंवा मणिपूर पाहण्याचा विचार असेल, तर त्या राज्यांसाठी ते काढावे लागते.

आता घराविषयी. मेघालय २१ जानेवारी १९७२ रोजी पूर्ण राज्य झाले. राज्यघटनेची सहावी अनुसूची, म्हणजे आदिवासी भागांच्या स्वायत्त कारभाराची तरतूद, राज्याच्या जवळजवळ सगळ्या भागाला लागू असून खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांसाठी स्वतंत्र स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत. १९७१ च्या जमीन हस्तांतरण कायद्यामुळे बहुतांश भागात बिगर आदिवासी व्यक्तीला परवानगीशिवाय जमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे बाहेरून येणारा माणूस तिथे बहुधा भाडेकरूच असतो. या सरकारी रचनेच्या खाली आणि माझ्या मते रोजच्या जगण्यात तिच्याहून अधिक जाणवणारी अशी आणखी एक रचना आहे, ती म्हणजे वस्तीचा दरबार. प्रत्येक वस्तीचा आपला ‘दरबार श्नोंग’ असतो आणि त्याच्या प्रमुखाला ‘रांगबाह श्नोंग’ म्हणतात. गटारांची सफाई, सार्वजनिक नळाची वेळ, रात्रीची गस्त, शेजाऱ्यांमधली कुरबुर, अशा कितीतरी गोष्टी पोलिस किंवा नगरपालिकेपर्यंत जाण्याआधी इथेच मार्गी लागतात. भाडेकरूंची माहिती नोंदवण्याबाबत राज्याने २०१६ साली कायदाही केला आहे, त्यामुळे ही नोंद केवळ रिवाज म्हणून केली जात नाही.

आम्हाला लैतुमख्रा भागात घर मिळाले. भाडेकरार झाला त्याच संध्याकाळी घरमालकीण बाई आम्हाला रांगबाह श्नोंगच्या घरी घेऊन गेल्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर जाड पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्यात त्यांनी आमची नावे, मूळ गाव, कामाचे ठिकाण आणि किती काळ राहणार हे स्वच्छ अक्षरात उतरवून घेतले, आधार कार्डांच्या प्रती ठेवून घेतल्या, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते ते सांगितले आणि रात्री काही अडचण आली तर दोन घरे सोडून राहणाऱ्या तरुणाला हाक मारा, असे म्हणून त्याचे घर खिडकीतून दाखवले. सगळा मामला पाऊण तासात आटोपला. पण त्या पाऊण तासानंतर गल्लीतले लोक आमच्याकडे ज्या नजरेने पाहू लागले, ती नजर भाडेकरारातून मिळण्यासारखी नव्हती. म्हणून पुढे जाणाऱ्यांना पहिला सल्ला हाच की, घरमालकाने स्वतःहून विषय काढला नाही तरी पहिल्या दोन-तीन दिवसांतच रांगबाह श्नोंगची भेट घडवून आणण्याची विनंती करावी. पारपत्राच्या आकाराची छायाचित्रे, ओळखपत्राच्या प्रती आणि कार्यालयाचे नियुक्तीपत्र हाताशी असू द्यावे. वस्तीच्या सफाईसाठी किंवा कार्यक्रमासाठी वर्गणी मागितली गेली, तर ती आनंदाने द्यावी.

घरमालकीण बाई असा उल्लेख वर आला, तो सहज आलेला नाही. खासी समाज मातृवंशीय आहे. मुले आईचे कुळनाव लावतात, आणि वडिलोपार्जित घर सर्वसाधारणपणे धाकट्या मुलीकडे जाते. तिला ‘खद्दुह’ म्हणतात. त्या वारशासोबत आईवडिलांना सांभाळण्याची आणि कुटुंबाचे घर सर्वांसाठी उघडे ठेवण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. घराविषयीच्या महत्त्वाच्या निर्णयांत आईच्या भावाच्या, म्हणजे मामाच्या, शब्दाला परंपरेने वजन आहे. दुसरीकडे, दरबारात मात्र परंपरेने पुरुषच बसत आले आहेत. त्यामुळे मातृवंशीय समाज म्हणजे स्त्रियांचे राज्य, ही आपल्याकडे हौसेने सांगितली जाणारी कल्पना प्रत्यक्षात जुळत नाही. व्यवहारापुरते सांगायचे, तर घर पाहायला गेल्यावर तिथल्या पुरुषाशीच बोलण्याची आपली सवय मोडावी, भाडे आणि अनामत रक्कम यांची बोलणी ज्यांच्या नावे घर आहे त्या बाईंशी करावीत, आणि छपराची दुरुस्ती किंवा नवी मोरी अशा मोठ्या कामाला घरातल्या वडीलधाऱ्यांचे एकमत होईपर्यंत वेळ लागतो हे धरून चालावे.

घर निवडताना पाण्याची चौकशी इतर सगळ्या चौकशांच्या आधी करावी. हे वाचून आश्चर्य वाटेल, कारण मेघालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाऊसच येतो. शिलाँगपासून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या सोहऱ्यात, म्हणजे आपल्या शालेय पुस्तकांतल्या चेरापुंजीत, ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. परंतु हा पाऊस मुख्यतः मे ते सप्टेंबर या काळात पडतो, उतारावरून वाहून खाली बांगलादेशाच्या सखल भागात जातो, आणि जानेवारी ते मार्च या महिन्यांत शिलाँगच्या कित्येक वस्त्यांत टँकर फिरतात. आमच्या घरी नळाला दिवसाआड पाणी येई आणि कोरड्या महिन्यांत तेही कमी होई. म्हणून घराला स्वतंत्र टाकी आहे का, ती किती लिटरची आहे, नळाला पाणी किती दिवसांनी येते आणि टँकर दारापर्यंत पोहोचतो का, हे चार प्रश्न विचारूनच घर नक्की करावे. याच कोरड्या काळात जलाशयांची पातळी खाली गेली की वीजही जाते, कारण राज्याची बरीच वीज जलविद्युत प्रकल्पांतून येते.

पावसाळ्यात पत्र्यावरच्या पावसाचा आवाज इतका मोठा असतो की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. लाकडी चौकट, हलक्या भिंती आणि वर पन्हळी पत्रा अशी घरे तिथे का बांधली जाऊ लागली, याला इतिहास आहे. १२ जून १८९७ च्या प्रचंड भूकंपात शिलाँगमधल्या दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या आणि त्यानंतर हलक्या बांधणीची पद्धत रूढ झाली. आज सिमेंटच्या इमारती खूप झाल्या आहेत, पण हा प्रदेश देशातल्या सर्वाधिक धोक्याच्या भूकंपप्रवण पट्ट्यात मोडतो. कोयना आणि किल्लारी आठवणाऱ्या मराठी माणसाला अधिक सांगायला नको. जुने, बैठे, लाकडी घर मिळत असेल तर गैरसोय सोसूनही ते घ्यावे, असे माझे मत आहे. ओल आणि बुरशी मात्र दोन्ही प्रकारच्या घरांत असते. चामड्याच्या वस्तू, पुस्तके आणि लोकरी कपडे जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवावेत. हिवाळ्यात किमान तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरते आणि पुष्कळ घरांत कोळशाची शेगडी पेटवतात. खिडकी बंद करून शेगडीशेजारी झोपणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर ठेवलीच पाहिजे.

दिवसाचे वेळापत्रक बदलायलाही मनाची तयारी हवी. घड्याळ देशभर एकच असले तरी शिलाँगचा सूर्य पुण्या-मुंबईच्या सूर्यापेक्षा सव्वा तासाच्या आसपास पुढे असतो. जूनमध्ये पहाटे साडेचारला उजाडते आणि डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेपाचला पूर्ण काळोख असतो, आणि मध्यवर्ती भाग सोडला तर दुकानेही लवकर मिटू लागतात. संध्याकाळी सातनंतर खरेदीला बाहेर पडण्याची सवय तिथे उपयोगाची नाही. काळ्या-पिवळ्या सामायिक टॅक्सीही रात्री विरळ होतात. या टॅक्सीत बसण्याआधी रस्त्याच्या कडेला उभे राहून चालकाला ठिकाण सांगायचे असते. तो त्या बाजूला जाणार असेल तरच थांबतो.

रविवारी शहराचा बहुतांश भाग बंद असतो. समाजातले बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत आणि तो दिवस चर्चचा आणि कुटुंबाचा असतो, त्यामुळे दूध, औषधे, भाजी यांची सोय शनिवारी दुपारीच करून ठेवावी. खेड्यापाड्यांतला बाजार मात्र वेगळ्याच हिशोबाने भरतो. परंपरागत खासी आठवडा आठ दिवसांचा असल्यामुळे एखाद्या गावचा बाजार या खेपेस मंगळवारी भरला, तर पुढच्या खेपेस तो बुधवारी भरतो. आपल्या भागातल्या बाजाराची तारीख शेजाऱ्यांना विचारून कॅलेंडरवर नोंदवून ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

शिलाँगचा बडा बाजार, म्हणजे ईवदुह, मायल्लियेमच्या पारंपरिक संस्थानाच्या अखत्यारीत आहे. तिथल्या अरुंद बोळांतून कपाळावर पट्टा अडकवून पाठीवर शंकूच्या आकाराची ‘खोह’ ही टोपली वाहणारे हमाल झपाझप जात असतात. त्यांना वाट देणे हा तिथला पहिला शिष्टाचार आहे. दुकानांवर बहुतेक स्त्रिया बसतात. त्या भाव सांगतात तो सहसा रास्त असतो आणि फार घासाघीस कोणाला आवडत नाही. मोहरीचा पाला, स्क्वॉश, बटाटे, आले आणि हिवाळ्यात खासी संत्री उत्तम मिळतात. जैंतिया टेकड्यांतली लाकाडोंग हळद तर आवर्जून घ्यावी. गव्हाचे पीठ मिळते, पण ज्वारी-बाजरीच्या पिठाची आणि गोडा मसाल्याची तजवीज घरूनच करावी. शाकाहारी व्यक्तीने हे लक्षात ठेवावे की स्थानिक खानावळींत डुकराचे मांस सर्रास असते, आणि ‘जादोह’ हा भातही बहुधा त्यातच शिजवलेला असतो. घरी स्वयंपाक करणार असाल तर प्रेशर कुकर हवाच, कारण सुमारे दीड हजार मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांनाच उकळते आणि उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही.

शहरात इंग्रजीवर काम भागते आणि बाजारात हिंदी चालते. तरीही थोडी खासी शिकावी. ती ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली भाषा आहे, त्यामुळे आपल्या ओळखीचे शब्द कानाला सापडत नाहीत, पण वेल्श मिशनरी थॉमस जोन्स १८४१ मध्ये सोहऱ्यात आल्यानंतर ती रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली, म्हणून दुकानांच्या पाट्या निदान वाचता तरी येतात. वेई, आर, लाइ, सॉ, सान हे एक ते पाच अंक आणि आभारासाठी ‘खुब्लेई’ एवढ्यावरही बाजारातला चेहरा खुलतो. बाईंना ‘काँग’ आणि पुरुषांना ‘बाह’ असे आदराने म्हणतात, आणि दुकानदारापासून घरमालकिणीपर्यंत सर्वांना हेच संबोधन चालते. घरी गेल्यावर चहाच्याही आधी ‘क्वाइ’ पुढे केली जाते. ओलसर सुपारी, विड्याचे पान आणि चुना असा तो विडा असतो. सवय नसलेल्याला त्याने घाम फुटतो आणि गरगरते, म्हणून खायचाच असेल तर लहान तुकडा घ्यावा. नको असेल तर नम्रपणे नाही म्हटलेले चालते.

बाहेरच्यांविषयी तिथे जी सावधगिरी जाणवते, तिच्याबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण मेघालयाची लोकसंख्या सुमारे २९ लाख ६७ हजार होती, म्हणजे त्याच वर्षीच्या पुणे शहराच्या लोकसंख्येहूनही कमी. एवढ्या लहान समाजाला आपली भाषा, जमीन आणि वंशपरंपरा बाहेरच्या लोंढ्यात बुडून जाईल अशी भीती वाटणे मला तरी पूर्णपणे समजण्यासारखे वाटते. या भीतीतून १९७९ पासून पुढे अनेकदा तणाव आणि हिंसाचारही झाला आहे, आणि त्यात निरपराध बिगर आदिवासी कुटुंबे होरपळली आहेत, हेही विसरता येणार नाही. काही काळासाठी आलेल्याने या वादात निवाडे देऊ नयेत. बंद जाहीर झाला तर दोन दिवसांचे धान्य, पाणी आणि औषधे घरात ठेवून स्वस्थ राहावे, रस्त्यांची स्थिती शेजाऱ्यांना विचारावी, आणि समाजमाध्यमांवरच्या अफवा पुढे पाठवू नयेत.

महाराष्ट्रातली गाडी नेली असेल तर बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तिची तिथे पुनर्नोंदणी करावी लागते, त्यामुळे निघण्यापूर्वीच आपल्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे. परतताना निदान महिनाभर आधी घरमालकिणीला लेखी कळवावे, अनामत रकमेचा हिशोब वीजबिलाच्या शेवटच्या पावतीसह पूर्ण करावा, गॅसची जोडणी बदलून घ्यावी, आणि रांगबाह श्नोंगकडे जाऊन त्या वहीतल्या आपल्या नावापुढे घर सोडल्याची तारीख लिहून घ्यावी.