नाट्यपदांच्या साथीचा रियाज घरी: ऑर्गनला परवडणारा पर्याय

क्लासमध्ये आठवड्यातून एकदा ऑर्गन मिळतो, उरलेले सहा दिवस घरी पेटी. पेटीवर बोटं तयार होतात, पण डावा हात भात्यात अडकलेला असतो. ऑर्गनवर दोन्ही हात पट्ट्यांवर, दोन्ही पाय पायडलांवर आणि उजवा गुडघा आवाज कमी-जास्त करणाऱ्या दांडीवर. म्हणून पर्याय निवडताना आधी एवढंच पाहावं, की त्यावर डावा हात आणि पाय तयार होतील का. आवाज किती हुबेहूब आहे हे त्यानंतर.

जुना पाय-ऑर्गन बहुधा अमेरिकन धाटणीचा असतो. पायडल मारलं की भात्यातली हवा बाहेर काढली जाते आणि बाहेरची हवा रीडमधून, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी पट्टीतल्या जिभेवरून, आत ओढली जाते. पेटीत हवा दाबून रीडमधून बाहेर ढकलतात. ऑर्गनचा सूर मऊ, गोल वाटतो तो बराचसा यामुळे. पट्ट्या 61, म्हणजे पाच सप्तकं, पण सुरुवात आणि शेवट पांढरी चारवर. रीडचे दोन पूर्ण संच धरले तरी 122 रीड झाले. सौदा करताना हा आकडा डोक्यात असू द्या, कारण सगळा ऑर्गन सुरात लावायचा म्हणजे एवढे रीड एकेक करून काढायचे.

असा ऑर्गन बघायला गेलात तर आधी वाजवू नका. सगळे स्टॉप, म्हणजे रीडचे संच चालू-बंद करणाऱ्या खुंट्या, बंद करा, पाय मारून भाता पूर्ण ओढून घ्या आणि थांबा. दहा-बारा सेकंदांतच भाता पुन्हा फुलला तर कापड किंवा सांधे गळताहेत. मागची फळी काढून विजेरीने घड्यांचे कोपरे बघा. कापड आधी तिथे चिरतं, आणि उंदीरही तिथूनच कुरतडतात. भात्याला नवं कापड लावणं हे पेटी दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराच्या आवाक्यातलं काम आहे. फक्त रेक्झिन लावू देऊ नका. ते जाड असतं, घडीत ताठ राहतं आणि वर्षा-दोन वर्षांत तडकतं. पातळ रबर चढवलेलं सुती कापड हवं, आणि चिकटवायला गरम सरस. लाकूडकामाचा पांढरा गोंद लावला तर पुढच्या दुरुस्तीत तो निघत नाही आणि त्यावर सरस धरत नाही. पायडलचे पट्टे तुटलेले असतील तर घाबरू नका, खाटेची चांगली नवार मापाने कापून लावली की झालं.

मग एकेक स्टॉप उघडून खालून वरपर्यंत प्रत्येक पट्टी दाबा. एखादा सूर मुका असेल तर नव्वद टक्के वेळा रीडच्या जिभेखाली धूळ अडकलेली असते. या ऑर्गनचे रीड खाचेत सरकवलेले असतात, पेटीसारखे स्क्रूने बसवलेले नसतात. रीडच्या टाचेला बारीक खाच असते, तिथे पातळ पोलादी आकडा अडकवून सरळ बाहेर ओढा. फुंकर मारा, जिभेखालून पातळ कागद फिरवा, परत बसवा. जीभ बोटाने वाकवू नका. मुळाशी तडा गेलेला रीड मात्र वाचत नाही, त्याच मापाचा दुसरा शोधावा लागतो.

पट्टी सोडल्यावरही सूर चालूच राहत असेल तर पट्टी हलकेच बाजूला ढकला. थांबला तर पट्टी दमटपणाने फुगून घासते आहे, थोडं घासकाम पुरतं. थांबला नाही तर खालच्या झडपेवर कचरा बसलाय, स्प्रिंग ढिली झालीय किंवा झडपेच्या नमद्याला कसर लागलीय. दोन-चार झडपा असतील तर ठीक. सगळाच नमदा खाल्लेला असेल तर किंमत निम्म्यावर आणा, नाहीतर सोडून द्या.

फोनवरच्या ट्यूनरने सूर तपासा. सगळा ऑर्गन एकसारखा 20 सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट) चढा किंवा उतरता असेल तर तसाच राहू द्या, एकट्याच्या रियाजाला तंबोरा त्याला जुळवता येतो. रीड टोकाशी खरवडला की चढतो, मुळाशी खरवडला की उतरतो, पण प्रत्येक खरवडीत पितळ कमी होतं. सूर एकमेकांशीच भांडत असतील तेव्हाच हे काम करायचं.

पायपेटी मिळाली तर तीही चालते. सूर पेटीचाच येईल, पण हात मोकळे राहतील. खोक्यासारखे मिटणारे घडीचे छोटे ऑर्गनही असतात, मात्र त्यांत चार सप्तकं किंवा त्याहून कमी असतात आणि डाव्या हाताचा खर्ज लवकर संपतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला बहुतेक वेळा कीबोर्डच परवडतो. 61 पट्ट्यांचा साधा कीबोर्ड 10 हजारांच्या आसपास येतो. आधी टच रिस्पॉन्स (जोरात मारलं की मोठा आवाज देणारी सोय) बंद करा. ऑर्गनवर पट्टी जोरात मारल्याने आवाज वाढत नाही, आणि टच चालू ठेवून लागलेली सवय मोडायला महिने जातात. आवाजांच्या यादीत ‘रीड ऑर्गन’ शोधा, जनरल मिडीच्या, म्हणजे कीबोर्डांच्या आवाजांच्या ठरलेल्या यादीच्या, क्रमवारीत तो 21वा असतो. ‘चर्च ऑर्गन’ नको. रिव्हर्ब आणि कोरस शून्यावर आणा, नाहीतर बोट उशिरा उचलल्याची चूक झाकली जाते. सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणाऱ्या ट्रान्स्पोजच्या बटणाला हात लावू नका. ऑर्गनवर ते बटण नसतं, आणि काळी एक ते काळी पाच सगळीकडे बोटं बसवल्याशिवाय गायकाबरोबर बसता येणार नाही. कीबोर्ड पांढरी एकपासून सुरू होतो, म्हणून ऑर्गनचे खालचे सात सूर त्यात नसतात. सप्तक एकने खाली केलं तर खर्ज मिळतो, वरचे पाच सूर जातात. साथीसाठी हा सौदा बरा.

खरी उणीव गुडघ्याची. स्वस्त कीबोर्डला मागे फक्त सस्टेनचं भोक असतं, त्यात आवाज कमी-जास्त करणारं एक्स्प्रेशन पेडल लावून काही होत नाही. कीबोर्ड यूएसबीने कॉम्प्युटरला जोडून ग्रँडऑर्ग हा ऑर्गनचे आवाज वाजवणारा मोफत प्रोग्रॅम वापरा आणि मिडी (वाद्य आणि कॉम्प्युटरमधले संकेत) पाठवणारं वेगळं फूट पेडल घेऊन त्यातल्या स्वेलला, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाला, जोडा. विंडोजवर आवाज उशिरा येतो, त्यासाठी ही दिरंगाई कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर टाका आणि त्याचा बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवायचे नमुने) 256 वर ठेवा. 48 हजारांच्या सॅम्पल रेटला ही साधारण 5 मिलिसेकंदांची दिरंगाई होते, ती जाणवत नाही. 1024 वर ठेवलं तर 21 मिलिसेकंद, आणि द्रुत तानेत बोट पुढे, सूर मागे असं होतं.

पायांचा रियाज मात्र कीबोर्डवर आपण होऊन होत नाही. टेबलाखाली दोन उतरत्या फळ्या ठेवा, खाली जुन्या गादीचा फोम घाला, आणि वाजवताना पाय आलटून पालटून सावकाश दाबत राहा. चाल तबल्याशी जुळवायची नाही. समेवर पाय पडायला लागला की खऱ्या ऑर्गनवर प्रत्येक समेला आवाज फुगतो आणि गायकाच्या लांब सुराखाली साथ हेलकावते. केरवा लावून त्यावर पाय मुद्दाम वेगळ्या संथ गतीत चालवा. सुरुवातीला पाच मिनिटंही जमत नाही. पंधरा मिनिटं जमू लागली की मग पदाचा भरणा, म्हणजे गायकाच्या ओळींमधल्या जागा भरणारं वाजवणं, घ्या.