तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं बाळ सांभाळायचे एवढे पैसे?

नवीन घरी बोलणी करायला गेले की हे ऐकायला मिळतंच, नातेवाईकही विचारतात, बाळ झोपलं की तुम्हाला काय काम असतं?

आधी हिशेब सांगते. पगार महिन्याचा ठरतो, तास कोणी बोलत नाही. रोज ८ तास, २६ दिवस म्हणजे २०८ तास. पण आई-बाबा यायला उशीर, मग जरा थांबा, असं करत रोजचे १२ झाले की ३१२ होतात आणि पगार तोच, म्हणजे तासाला एक तृतीयांश कमी पडले ना! राहून काम करणाऱ्या बाईचे तर तासच संपत नाहीत. आणि झोपलेल्या बाळाजवळ कान उघडे ठेवून बसणं हे कामच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारात घरकामगारांना आठवड्याला सलग २४ तास सुट्टी हवी असं आहे, आणि बोलावलं की उठायचं म्हणून थांबून राहिलेला वेळही कामात धरायला सांगितलाय, किती धरायचा ते देशाच्या कायद्यावर. अर्थात ज्या देशांनी करार मान्य केला त्यांच्यापुरतंच.

आता ते सांगते जे मी कधी सांगत नाही. एक मुलगी सहा महिन्यांची असल्यापासून माझ्याकडे होती. ती अडीच वर्षांची असताना ते लोक तीन आठवडे फिरायला गेले. मी ते दिवस राखून ठेवले, मधलं दुसरं काम नाकारलं. महिना भरल्यावर पाकीट मिळालं, जिन्यात मोजलं तर तीन आठवड्यांचे खाडे कापलेले. खाडे माझे! परत वर गेले, बेल वाजवली, दार उघडलं आणि ती पोरगी धावत आली, पायाला मिठी मारून म्हणाली, आलीस परत! मागे मॅडम उभ्या. माझ्या तोंडून निघालं, छत्री राहिली. छत्री हातातच होती.

पुढच्या महिन्यात विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, तुम्ही घरच्याच ना, मग असा हिशेब कशाला? मी म्हटलं, राहू दे.

त्या राहू देचा मला अजून राग येतो. तेव्हा वाटायचं पैसे मागितले की माया खोटी ठरेल. आता म्हणते, माया मी दिली ती दिली, पण तास विकले होते. पण मग कधी वाटतं, दारात त्या पोरीसमोर बोलले असते तर तिला काय कळलं असतं? तिच्यासाठी गप्प बसले की घाबरून, नाही सांगता येत.

आता मी कागदावर लिहून घेते: तास, जादा तासांचा दर, तुम्ही गावाला गेलात तरी पगार चालू, कपडे-भांडी केली तर वेगळे. काही घरं तिथेच नको म्हणतात, एकदा दोन महिने घरी बसले. मलाही लेकरं आहेत, त्यांना शेजारी सोडून मी दुसऱ्याचं सांभाळते.

तासांची वही रोज भरते. पण परवा बाळ तापलं होतं, कोणी थांबा म्हटलं नव्हतं, मीच दहापर्यंत बसले. तो रकाना अजून कोरा आहे.